लॅपटॉपला उचकी लागते तेव्हा

मैत्रिणींनो, मिक्सरचं भांडं गळतं, कुकरची शिटी होत नाही, फ्रीजखाली पाणी साचतं, अशा तक्रारी या पानाकडे नेहमीच येतात. या वेळी मुरबाड तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे, ते मात्र जरा वेगळं आहे. त्या लिहितात :

"आमच्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आहे. त्यावर मी आमच्या बचत गटाचे हिशेब ठेवते, मुलगा अभ्यास करतो. दोन महिने झाले, काम करता करता तो एकदम काळा होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. लिहिलेलं जातं. घरात सगळे म्हणतात, 'तूच काहीतरी दाबलं असशील.' मी खरंच काही दाबलेलं नाही. आमचं घर भाताच्या गिरणीला लागून आहे आणि लाइटही सारखी जाते-येते. दुकानदार म्हणतो, हा टाका, नवा घ्या. गटातल्या बारा जणींचे पैसे माझ्या हिशेबावर चालतात. काय करू?"

पत्र वाचलं आणि मला हसूही आलं नि वाईटही वाटलं. हसू अशासाठी, की 'तूच काहीतरी दाबलं असशील' हे वाक्य मी शहापुरात माझ्या घरी शब्द न् शब्द ऐकलेलं आहे. घरात दूध नासलं, गॅस संपला, टीव्हीचं चित्र गेलं, तरी आधी संशय आपल्यावरच. लॅपटॉप तरी त्याला अपवाद कसा असेल?

म्हणून आज उत्तरादाखल माझीच गोष्ट सांगते. तिच्यातून जे शिकले, ते या मुरबाडच्या मैत्रिणीला आणि तुम्हा सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

नऊ हजारांचा प्रश्न

आमचा लॅपटॉप २०२०च्या टाळेबंदीतला. मुलीची शाळा मोबाइलवर भरायला लागली, तिचे डोळे दुखायला लागले, म्हणून ह्यांनी कुणाकडून तरी वापरलेला आणला. पुढे मुलीपेक्षा मीच तो जास्त वापरू लागले. आठवड्यातून चार दिवस मी किन्हवलीमार्गे एसटीने सरळगावच्या बाजूच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते. प्रश्नपत्रिका, गुणांचे तक्ते, सगळं त्यातच.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात त्याला ही उचकी लागली. मी चौसष्ट मुलांचे गुण भरत होते, एकावन्नाव्या नावाला पडदा काळा! पुन्हा सुरू झाला तेव्हा तक्ता होता तसा कोरा. रडूच आलं. दोन दिवसांनी मी तो उचलून एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उघडलं, मिटलं, आणि सांगितलं, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय. साडेनऊ हजार."

आता माझ्याकडे भिशीचे नऊ हजार होते, ते खास एका कामासाठी बाजूला ठेवलेले. मी बी.ए. झालेली आहे, बी.एड. राहिलं ते राहिलंच. लग्न, मुलगी, सासऱ्यांचं आजारपण, एकेक वर्ष पुढे सरकत गेलं. यंदा सीईटीचा फॉर्म भरायचाच, असं ठरवून ते पैसे मी डब्यात ठेवले होते. तेच आता मदरबोर्डात घालायचे? आणि मुख्य म्हणजे, त्याने पाच मिनिटांत ओळखलेला रोग खरा कशावरून? "विचार करून सांगते," म्हटलं आणि लॅपटॉप पदराखाली धरून भर पावसात घरी आले.

दुधाच्या हिशेबाची वही

मूल आजारी पडलं की आपण डॉक्टरांना काय सांगतो? ताप कधी येतो, रात्री की दुपारी, जेवल्यावर उलटी होते की आधी. डॉक्टरही आधी तेच विचारतात. मग यंत्राच्या बाबतीत आपण नुसतं 'बिघडलंय' एवढंच का सांगतो?

दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. तिथे मी रकाने आखले. तारीख. वेळ. लॅपटॉप कुठे ठेवला होता. चार्जर लावलेला होता का. घरातले दिवे तेव्हा मिचकले का. हात लावून खाली गरम होता का. काय काम चाललं होतं. सात रकाने, बस्स. आणि घरात सांगून टाकलं, लॅपटॉप बंद पडला की 'कुणी केलं' हे विचारायचं नाही, वहीत 'केव्हा' ते लिहायचं.

दहा दिवसांत सोळा नोंदी झाल्या. मुलीनेही लिहिल्या. ह्यांनीही दोन लिहिल्या, आणि त्या दोन्ही वेळी ह्यांनीही काही दाबलेलं नव्हतं, हे विशेष!

पण खरा शोध लावला तो सासूबाईंनी. त्या ओट्याजवळ लसूण सोलत बसलेल्या असतात. एक दिवस म्हणाल्या, "अगं, तू चटणीला मिक्सर लावलास का त्याचा डोळा मिटतो. मी बघत्ये तीन दिवस." वही काढून पाहिली. खरंच की! सोळांपैकी दहा नोंदी माजघरातल्या एकाच बोर्डावरच्या होत्या. त्यांतल्या चार मिक्सरच्या वेळच्या आणि सहा लाइट मिचकली त्या वेळच्या. चार नोंदी अगदी वेगळ्या : दुपारची वेळ, मुलगी पलंगावर गोधडीवर लॅपटॉप ठेवून व्हिडिओ पाहतेय, दिवे स्थिर, पण खालून तवा तापल्यासारखा. एक नोंद रात्री तीनची. आणि एकीचा मेळ कशाशीच बसेना.

म्हणजे उचकी एकच, पण कारणं तीन. तीन चोर एकाच घरात शिरले होते, आणि आम्ही एकालाच शोधत होतो.

पहिला चोर : पिन, बोर्ड आणि दमलेली बॅटरी

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. घरातला टीव्ही लाइट गेली की बंद पडणारच. पण लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते. ती धडधाकट असेल तर लाइट गेली काय, मिचकली काय, त्याला पत्ताही लागता कामा नये. म्हणून लाइट मिचकताच लॅपटॉप बंद पडत असेल, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. बॅटरी नावापुरती उरलेली असते आणि यंत्र सगळं चार्जरच्या जिवावर चालत असतं.

याची परीक्षा घरी होते. बॅटरी पूर्ण भरलेली दिसेपर्यंत थांबा. उघडं असलेलं सगळं काम नीट साठवा, बंद करा. मग चार्जर काढा आणि पाहा. आमचा लॅपटॉप दहा मोजेपर्यंत मेला. पडद्यावर मात्र तोवर 'शंभर टक्के'!

आणखी पक्की खात्री हवी असेल तर लॅपटॉप स्वतःच बॅटरीचं प्रगतिपुस्तक देतो. विंडोजच्या शोधाच्या चौकटीत सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिली की एक काळी खिडकी उघडते. तिथे पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी हे सलग लिहा, एक जागा सोडा, उजवीकडे झुकणारी तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' हा शब्द इंग्रजीत सलग लिहून एंटर दाबा. अहवाल कुठे ठेवला ते तिथेच लिहून येतं. त्यात दोन आकडे पाहायचे. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असताना बॅटरीत किती मावत होतं, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज किती मावतं. आमच्याकडे पहिला आकडा ४१ हजारांचा होता आणि दुसरा ३,९००. दहा हंडे पाण्याच्या पिंपात एक हंडासुद्धा राहत नाही, अशी गत!

मग मिक्सरचं काय? तो बोर्ड ओट्याच्या बाजूलाच. मिक्सर सुरू झाला की ओटा थरथरे, आणि त्याच बोर्डात ढिली बसलेली चार्जरची पिन हले. क्षणभर वीज तुटे, बॅटरी सांभाळू शकत नसे, आणि पडदा काळा. एक दिवस लॅपटॉप मुद्दाम दुसऱ्या खोलीतल्या घट्ट प्लगवर लावला आणि मिक्सर फिरवला. काही झालं नाही. पण लाइट गेली तेव्हा तिथेही बंद पडलाच. म्हणजे पिनही ढिली आणि बॅटरीही गेलेली, हे दोन्ही सिद्ध झालं.

इथे एक सांगते. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. अंगावर पित्त उठलं तर आपण एकेक पदार्थ बंद करून पाहतो ना? वांगं, दही, शेंगदाणे सगळं एकदम सोडलं तर गुण येतो, पण कशाने आला ते कळत नाही.

आणि एक धोक्याची सूचना. लॅपटॉपचं झाकण नीट मिटत नसेल, बोट फिरवायची पट्टी वर उचललेली दिसत असेल, किंवा तळ फुगलेला वाटत असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग परीक्षा वगैरे काही करू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायचा किंवा टोचून पाहायचा प्रयत्न करू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती जाणकाराकडूनच काढून घ्या, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

दुसरा चोर : गोधडी आणि फोडणी

लॅपटॉपला तळाशी किंवा कडेला बारीक जाळी असते. आतला पंखा तिथून हवा घेतो आणि गरम हवा बाहेर टाकतो. गोधडीवर, उशीवर, मांडीवरच्या साडीवर ठेवला की ती जाळी बंद होते. आतली उष्णता प्रमाणाबाहेर गेली की यंत्र स्वतःचा जीव वाचवायला काम थांबवतं. तो बिघाड नव्हे, ती त्याची राखणच आहे.

आमच्या घरात आणखी एक कारण होतं, ते म्हणजे स्वयंपाकघर. फोडणीचा तेलकट धूर, पिठाची धूळ, दोन्ही त्या पंख्यात जाऊन बसतात. नुसती धूळ फुंकर मारली की उडते, तेलकट धूळ मात्र चिकटून बसते. चिमणीच्या जाळीची काय दशा होते, ते आपल्याला ठाऊकच आहे.

उपाय सोपे. लॅपटॉप नेहमी पाटावर किंवा टेबलावर ठेवा, मागच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे देऊन थोडा उंच करा. स्वयंपाक चालू असताना ओट्याजवळ आणू नका. महिन्यातून एकदा तो पूर्ण बंद करून, चार्जर काढून, जाळीवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं लावू नका, घरच्या व्हॅक्यूमचं तोंडही लावू नका. आतला पंखा साफ करायचा तर जाणकाराकडून करून घ्या. जुन्या यंत्रात पंख्याजवळचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळलेला असतो, तोही तेव्हाच बदलून घ्यावा.

तिसरा चोर : रात्री तीनचा पाहुणा

रात्री तीनची नोंद पाहून आधी मला भुताटकीच वाटली! पण ते विंडोजचं अपडेट होतं. अधूनमधून नवी सुधारणा येते आणि ती लागू करायला लॅपटॉप स्वतःला पुन्हा सुरू करतो. हा चोर नव्हेच, वेळ न पाहता आलेला पाहुणा म्हणा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या आत 'ॲक्टिव्ह अवर्स' असतात. आपण कधी कामाला बसतो ते तास तिथे सांगितले की त्या वेळात तो मधे येत नाही. अपडेट कायमचं बंद मात्र करू नका. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर तेच असेल तर बँकेचे व्यवहार त्यावरून करताना जपून.

अपडेटमुळे बंद झाला की बिघाडामुळे, हे कळायला एक छान सोय आहे. शोधाच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत लिहा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं काहीसं येईल, ते उघडा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखं एक पान उघडतं आणि ज्या दिवशी काही बिघडलं त्या दिवसावर तांबडी फुली असते. आपली वही आणि हे पान शेजारी ठेवून ताडून पाहा.

माझ्या पुतण्याने आणखी खोलात जाऊन 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद शोधून काढली आणि ओरडला, "काकू, रोग सापडला!" नंतर वाचलं तेव्हा कळलं, ते रोगाचं नाव नव्हतंच. 'मला नीट बंद न करताच मी पुन्हा सुरू झालो' एवढाच त्या नोंदीचा अर्थ. माणूस पडला हे पंचनाम्यात लिहिलं, का पडला ते लिहिलं नाही. उलट १०७४ क्रमांकाची नोंद दिसली तर कुणीतरी किंवा कुठल्यातरी प्रोग्रामने, बहुधा अपडेटने, ठरवून पुन्हा सुरू केला असं समजावं.

चिठ्ठी वाचायची राहते

कधी कधी वीज, बॅटरी, उष्णता सगळं ठीक असतं, तरी उचकी लागते. मग बिघाड प्रोग्राममध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा मेमरीत असू शकतो. अशा वेळी विंडोज निळ्या पडद्यावर कारणाची एक ओळ लिहितो. नव्या विंडोजमध्ये २०२५पासून हा पडदा काळा झाला आहे. पण मूळ व्यवस्थाच अशी, की ती ओळ वाचून होईतो यंत्र पुन्हा सुरू होतं. चिठ्ठी हातात द्यायची आणि लगेच फाडून टाकायची!

ती चिठ्ठी थांबवता येते. शोधाच्या चौकटीत 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' इंग्रजीत लिहा, उघडलेल्या खिडकीत 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'समोरच्या सेटिंग्जवर जा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढा. पुढच्या वेळी तो पडदा तसाच थांबेल. मोबाइलने त्याचा फोटो काढा. दुरुस्तीवाल्यासाठी तो फोटो म्हणजे अर्धं निदान.

बिघाड सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात नवा प्रोग्राम, नवा प्रिंटर, नवी मेमरी असं काही बसवलं होतं का, तेही आठवून पाहा. असेल तर ते काढून पाहा. मेमरीची तपासणी 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' या सोयीने होते. ती सोय लॅपटॉप पुन्हा सुरू करूनच तपासते, तेव्हा घाबरू नका. मात्र 'तुमचा संगणक दुरुस्त करतो, हे फुकट उतरवून घ्या' असल्या जाहिरातींच्या नादी लागू नका, आणि 'तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे' असा कुणाचा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

आपोआप पुन्हा सुरू होणं म्हणजे मदरबोर्ड गेला असंच नव्हे, याचं मोठं उदाहरण सगळ्या जगाने पाहिलं आहे. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक असेच निळे पडून पुन्हा पुन्हा सुरू होत राहिले. विमानतळ अडकले, आपल्या देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कारण काय निघालं? क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्या कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल. ती काढली की यंत्रं पूर्ववत. त्या दिवशी कुणी घाबरून ८५ लाख मदरबोर्ड बदलायला काढले असते तर?

मुरबाडच्या मैत्रिणीसाठी

आता तुमच्या पत्राकडे येते. तुमच्या पत्रातच दोन धागेदोरे आहेत, ते तुम्हाला दिसले की नाही कोण जाणे. घर गिरणीला लागून, आणि लाइट जाते-येते.

गिरणीची मोठी मोटर सुरू होताना आसपासच्या घरांतले दिवे क्षणभर मंद होतात. तेव्हा गिरणी सुरू व्हायची वेळ आणि लॅपटॉप काळा व्हायची वेळ जुळते का, एवढं आठ दिवस लिहून पाहा. जुळली तर बॅटरीची परीक्षा घ्या. गिरणीचा बारीक कोंडाही जाळीत बसत असणार. म्हणून गिरणीकडच्या खिडकीजवळ लॅपटॉप ठेवू नका, काम झालं की सुती कापडाने झाका. सुरू असताना मात्र झाकू नका बरं का!

पण या सगळ्याच्या आधी, आज, हे पान खाली ठेवल्याबरोबर एक काम करा. गटाचे हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि जमलं तर इंटरनेटवरच्या आपल्या खात्यातही ठेवा. घराला आग लागली तर आधी माणसं बाहेर काढतात, मग आग कशाने लागली ते पाहतात. काम करतानाही दर पाच मिनिटांनी कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकदम दाबायची सवय लावा. आणि गटाची कागदाची वही मोडीत काढू नका. बारा जणींच्या सह्या त्या वहीतच शोभतात.

वीज कडाडायला लागली की पिन सरळ काढून ठेवा. आपल्याकडे शहापूर-मुरबाडला वळवाचा आणि परतीचा पाऊस कसा येतो, ते मी वेगळं सांगायला नको.

दुरुस्तीला नेताना

घरचे उपाय संपले की दुरुस्तीवाल्याकडे जावंच लागतं, त्यात कमीपणा नाही. पण जाताना वही बरोबर न्या. मी दुसऱ्या एका कारागिराकडे गेले तेव्हा काहीच बोलले नाही, वहीचं पान पुढे ठेवलं. त्याने ते वाचलं, दोनच प्रश्न विचारले, बॅटरी काढून तपासली आणि म्हणाला, "ताई, बोर्डाला काही झालेलं नाही." नवी बॅटरी २,८००, पंखा साफ करून लेप लावायचे ५००, आणि घरी वायरमनने सॉकेट बदललं त्याचे १५०. झाले ३,४५०. कुठे साडेनऊ हजार!

यंत्र देताना या गोष्टी पाळा. महत्त्वाचं सगळं आधी उतरवून घ्या, आणि 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही' हे पावतीवर लिहून घ्या. बँकेचे पासवर्ड आत साठवलेले असतील तर काढून टाका. घरगुती फोटो पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपमधून पुसा. आपल्या बायकांनी याबाबत भिडेखातर राहू नये. बदललेला जुना भाग परत मागा. आणि विंडोजच्या नव्या लॅपटॉपमध्ये माहितीला कुलूप असतं, त्याची ४८ अंकी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. दुरुस्तीनंतर तो ती मागू शकतो. आधीच पाहून कागदावर लिहून ठेवली तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

वाचलेल्या पैशांचं काय झालं, म्हणता? भिशीच्या नऊ हजारांतून ३,४५० गेले, ५,५५० उरले. त्यातून सीईटीचा फॉर्म भरला, पुस्तकंही आली. आमची ही उचकी थांबून आता वर्ष होत आलं. ती एक मेळ न बसलेली नोंद तेवढी वहीत तशीच आहे, पण ती पुन्हा काही घडली नाही.

शेवटी एकच. 'मला यंत्रातलं काय कळतंय' असं कुणी म्हणायला लागलं की मला तुमच्याच मुरबाड तालुक्यातलं फांगणे आठवतं. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली, आणि साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडं नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. त्यांना त्या वयात पाटी जमली, तर आपल्याला सात रकान्यांची एक वही जमणार नाही? आमच्या घरचं निदान तर लसूण सोलता सोलता सासूबाईंनीच केलं. त्यांनी कधी लॅपटॉपला हात लावलेला नाही. त्यांनी फक्त नीट पाहिलं.

तेव्हा मुरबाडच्या मैत्रिणी, आठ दिवस वही लिहा आणि काय दिसलं ते जरूर कळवा. आणि पुन्हा कुणी म्हणालं, 'तूच काहीतरी दाबलं असशील,' तर वाद घालत बसू नका. वहीचं पान उघडून पुढे ठेवा आणि चहा टाकायला जा.